गाठीवरचा शिक्का

सुरतेला मी गेले होते साड्या घ्यायला. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली घरी जो कुणी येतो त्याला मी चहाआधी बंदुकीची गोष्ट सांगते आणि तो विचारतो, "बाई, हे खूळ कुठून आणलंस?" तर साड्यांच्या पिशवीतून आणलं. पुतणीचं लग्न, देण्याघेण्याच्या अकरा साड्या, आणि आम्हा खानदेशवाल्यांना सुरत म्हणजे पुण्यामुंबईपेक्षा जवळची. अमळनेरला गाडीत बसायचं, नंदुरबार-नवापूर करत उधन्याला उतरायचं. तिथं स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच कानावर अहिराणी पडते. भाच्याकडे चहा घ्यायचा आणि रिंग रोडच्या कापड मार्केटात शिरायचं, असा बेत होता.

घोळ एवढाच झाला की मी रविवारी पोचले. मार्केट बंद.

भाचा म्हणाला, "मावशी, आज किल्ला बघून ये. महापालिकेनं छान दुरुस्त केलाय." मला किल्ल्यांचं वेड नाही. पण दिवसभर घरात बसून करायचं काय? गेले.

चौक बाजाराजवळ, तापीच्या काठावर हा किल्ला आहे. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, जाडजूड भिंती, आणि पलीकडे संथ नदी. गुजरातच्या सुलतानाच्या चाकरीतल्या खुदावंदखान नावाच्या तुर्क सरदारानं तो बांधून घेतला. १५४६ साली काम पुरं झालं. कारण एकच, पोर्तुगीज. ते जहाजांतून यायचे, शहर जाळायचे आणि परत समुद्रात पसार व्हायचे. एवढं मी वाचत वाचत चालले होते. बुरुजाच्या सावलीत एक म्हातारे पारशी गृहस्थ काठी टेकून उभे होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "बेन, इथल्या खऱ्या तोफा तर अकबर घेऊन गेला."

मी थांबले. झालं! तिथंच माझं बोट पकडलं त्या बंदुकांनी.

काकांनी सांगितलेली गोष्ट अशी. १५३८ साली तुर्कस्तानच्या सुलतान सुलेमानाचं आरमार पोर्तुगिजांना हुसकायला थेट दीवपर्यंत आलं. वेढा फसला, आरमार परत गेलं, आणि अवजड तोफा इथंच किनाऱ्यावर राहिल्या. काही जुनागढच्या किल्लेदारानं उचलल्या, काही खुदावंदखानानं या नव्या किल्ल्यात आणल्या. १५७३ मध्ये अकबरानं दीडेक महिना वेढा घालून सुरत घेतली, तेव्हा या 'सुलेमानी' तोफा बघून तो इतका खूश झाला की आग्र्याला न्यायचा हुकूम सोडला. हे अकबराच्या दरबारातल्या बखरकारांनीच लिहून ठेवलंय. जुनागढच्या वाट्याला आलेल्यांपैकी एक, 'नीलम', आजही उपरकोट किल्ल्यावर पडून आहे. सुमारे सतरा फूट लांब, १५३१ साली इजिप्तमध्ये ओतलेली, अंगावर अरबी लेख. कैरोत जन्म, गिरनारच्या पायथ्याशी म्हातारपण!

"तुम्हाला कसं हो एवढं माहीत?" मी विचारलं.

"मी बंदुका जमवतो," काका म्हणाले. "म्हणजे जमवायचो. आता दोनच उरल्यात. एक पुरी, एक अर्धी. चहा प्यायला या."

अनोळखी माणसाकडे बंदूक बघायला जायचं, हे मी अमळनेरात कुणाला सांगितलं असतं तर मला कोंडून ठेवलं असतं. भाच्याला फोन करून बोलावून घेतलं आणि संध्याकाळी दोघं नानपुऱ्यात काकांकडे गेलो. लाकडी जिना, उंच छत, भिंतीवर जरथुष्ट्राची तसबीर आणि खाली तिजोरीसारखं लोखंडी कपाट. मला वाटलं, आता बंदूक निघेल. निघाली एक फाईल! परवान्याचे, तपासणीचे, नळी कायमची बंद करून घेतल्याचे कागद. एकेक कागद माझ्यासमोर उलगडून ते म्हणाले, "बेन, या धंद्यात पहिले कागद, मग चीज." ही शिस्त मला फार आवडली. त्याबद्दल शेवटी बोलेन.

पहिली निघाली तोड्याची बंदूक.

मी आजवर बंदूक बघितली होती ती बँकेच्या दारात आणि सिनेमात. ही तशी नव्हतीच. माझ्याहून लांब, सडसडीत, कुंदा इतका निरुंद की खांद्याला लावायचा की बगलेत धरायचा असा प्रश्न पडावा. नळी लाकडाला धरून ठेवलेली तारेच्या वेढ्यांनी. पितळी तार, एकाला एक चिकटून, जरीच्या काठासारखी. नळीवर बोट फिरवलं तर आत कुठंतरी लाटा असल्यासारखं दिसत होतं. काका म्हणाले, "सरळ पत्रा गुंडाळून जोड दिला तर तिथं नळी फाटते. म्हणून लोखंडाची पट्टी तिरकी पिळत पिळत गुंडाळायची, तापवायची, ठोकायची." ही युक्ती अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त लिहिली आहे. अकबराच्या आवडत्या बंदुकीचं नाव होतं 'संग्राम'. चितोडच्या वेढ्यात १५६८ साली त्यानं किल्ला लढवणाऱ्या जयमलला टिपलं ते तिनंच, असं सांगतात. बंदुकीला नाव! आम्ही बैलांना ठेवतो तसं.

आणि ती चालते कशी, ते तर ऐका. नळीच्या मागच्या टोकाला बाजूनं एक बारीक भोक असतं, त्याला म्हणतात कान. कानाशी एक छोटी वाटी. वाटीत चिमूटभर बारीक दारू, तिचं नाव रंजक. वर सापाच्या मानेसारखा एक लोखंडी आकडा, त्यात अडकवलेली जळती सुताची दोरी, तो तोडा. खालची पट्टी दाबली की साप मान खाली घालतो, तोडा रंजकाला टेकतो, रंजक भडकतं, ज्वाळा कानातून आत शिरते आणि ठासलेली दारू पेटून गोळी सुटते. म्हणजे शिपायानं लढाईभर हातात जळती दोरी सांभाळायची, अंगावर दारूची भांडी वागवायची, आणि दोन्ही एकमेकांना भेटू द्यायची नाहीत! पाऊस आला की सगळं संपलं. रात्री तर त्या लालबुंद टोकांवरून शत्रूला माणसं मोजता यावीत.

मला एकदम जानेवारी १६६४ आठवलं. शाळेत शिकलेली शिवाजी महाराजांची 'सुरतेची लूट' ती हीच, आणि मी त्याच गावात बसले होते. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन दडला आणि किल्ल्यावरून तोफा डागत राहिला. इंग्रजांच्या नोंदी सांगतात की त्या तोफांनी मराठ्यांपेक्षा शहराचंच जास्त नुकसान केलं. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन मूठभर माणसं घेऊन ढोल-कर्णे वाजवत बाहेर पडला, वखार वाचवली, आणि त्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला सोन्याचं पदक दिलं. त्याची कबर आजही सुरतेत आहे, मकबऱ्यासारखी घुमटाची.

"तुमचे महाराज लुटायला आले ते ठीक," काका डोळे मिचकावत म्हणाले, "पण नंतर ते सुरतवाल्यांचे गिऱ्हाईकही झाले, ते शाळेत नाही शिकवत." कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं नोंद केली आहे की महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून ऐंशी तोफा आणि बंदुकांना पुरेल एवढं शिसं विकत घेतलं. मी अवाक. पण विचार केला तर त्यात नवल ते काय? १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर तोफा डागायला राजापूरचे इंग्रज आले होते, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्यांना कैद केलं. वैरही गोऱ्यांशी, खरेदीही गोऱ्यांकडून. तलवारी आपल्याकडे उत्तम घडत. चांगल्या तोफेसाठी मात्र टोपीकराच्या दारात जावं लागायचं.

मग निघाली अर्धी बंदूक. अर्धी कसली, पाव! मखमलीच्या रुमालात गुंडाळलेला तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा. नळी नाही, लाकूड नाही, फक्त कळ, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा.

आता इथं मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. आमच्या ओसरीवर कायम कुठली तरी मशीन उघडी पडलेली असायची आणि स्प्रिंग, खटका, दात्यांचं चाक हीच आम्हा बहिणींची खेळणी. त्यामुळे काकांनी ती कळ उलटी करून माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी बंदूक विसरले. वडिलांची ओसरी समोर आली. एक मोठी वाकडी स्प्रिंग, सगळा जोर तिचा. तिच्या टोकाशी एक गोल गड्डू, त्याला दोन खाचा. खाचेत अडकणारी एक चिमुकली जीभ. बाहेरच्या बाजूला घोडा, त्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळून आवळलेली गार. घोडा पहिल्या खाचेपर्यंत ओढला की अडकून राहतो, चाप दाबला तरी पडत नाही. तेवढ्यात दारू भरून घ्यायची. दुसऱ्या खाचेपर्यंत ओढला की तयार.

"दिवा बंद कर, दीकरा," काका भाच्याला म्हणाले.

खोलीत अंधार झाला. काकांनी ती कळ टेबलाच्या कडेला घट्ट धरली. खट्ट, पहिली खाच. खट्ट, दुसरी. आणि मग फटाक! गार वाटीवरच्या पोलादी पानावर घासत गेली, पान मागं पडलं, आणि ठिणग्यांचा एक पुंजका रिकाम्या वाटीत सांडला. पिवळ्या-पांढऱ्या, तडतडत्या. क्षणभर काकांची बोटं दिसली, परत अंधार. मागं राहिला तो नदीत गारगोट्या एकमेकींवर आपटल्यावर येतो तसा वास.

"परत," मी म्हणाले. चार वेळा करायला लावलं. पन्नाशीची बाई लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती, असं भाच्यानं नंतर सगळ्यांना सांगितलं. पिटत होतेच.

दारू नाही, गोळी नाही, नळीसुद्धा नाही. पण जळत्या दोरीतून सुटका म्हणजे काय, ते मला त्या ठिणग्यांत कळलं. कागदी काडतूस दातानं फाडायचं, थोडी दारू वाटीत, बाकीची नळीत, वरून गोळी आणि कागद, गजानं ठासायचं, घोडा ओढायचा, झाडायची. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. नेम बेताचाच, शंभर यार्डांपलीकडचा माणूस लागला तर नशीब. म्हणून तर शेकडो माणसांनी खांद्याला खांदा लावून एका हुकमावर झाडायचं. ज्याच्याकडे कवायत, त्याची लढाई. आपल्याकडे अशा कवायती बंदूकवाल्यांना नाव पडलं गारदी. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखानाचे गारदी कसे लढले, हे मराठी माणसाला सांगायला नको.

"आता ही बाजू बघा," काका म्हणाले आणि दिवा लावून त्यांनी ती कळ सरळ केली. "भिंग घ्या."

पाटीवर एक शिक्का होता. हृदयाचा आकार, आत फुलीसारख्या रेघांनी पाडलेले चार कप्पे, प्रत्येकात एकेक इंग्रजी अक्षर: व्ही, ई, आय, सी. हृदयाच्या डोक्यावर चारच्या आकड्यासारखी खूण.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे तर आमच्या आजीच्या डब्यात आहे!"

खरंच होतं. आजीच्या पितळी डब्यात तांब्याची जाड नाणी असायची, आम्ही त्यांना तराजूचा पैसा म्हणायचो. एका बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी वळणाची अक्षरं. दुसऱ्या बाजूला बदामासारखं काहीतरी, आम्ही पोरी त्याला बदामच म्हणायचो. काका हसले, उठले, ड्रॉवरमधून तसंच नाणं काढून कळीशेजारी ठेवलं. १७९१ सालचं, मुंबई इलाख्यासाठी बर्मिंगहॅममध्ये पाडलेलं. तराजूतली अक्षरं म्हणजे 'अदल', न्याय. आणि तो बदाम म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा मार्का. दोन भांडकुदळ कंपन्या १७०९ मध्ये एक झाल्या, म्हणून पहिलं अक्षर 'युनायटेड'चं. जुन्या पद्धतीनं ते व्हीसारखं कोरत.

"पण बेन, हा शिक्का ना नाण्यासाठी झाला, ना बंदुकीसाठी," काका म्हणाले. "हा झाला गाठींसाठी. कापडाच्या गाठी! जहाजात चढवताना कुठला माल कुणाचा ते ओळखायला गाठीवर मारायचा हा मार्का. तिकडच्या व्यापाऱ्यांच्या खुणांवर तो चारचा आकडा सर्रास असे."

मी त्या नाण्याकडे बघत राहिले, मग कळीकडे, मग खिडकीबाहेरच्या सुरतेकडे.

१६०८ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाज घेऊन इथं आला तो व्यापाराची परवानगी मागायला. १६१२ मध्ये सुवाळीच्या किनाऱ्यासमोर कंपनीच्या जहाजांनी पोर्तुगिजांना मार दिला, तेव्हा मुघल दरबाराला ही माणसं कामाची वाटली आणि वखारीला मुभा मिळाली. आज त्याच सुवाळीला सुरतकर सुट्टीच्या दिवशी भजी खायला जातात. तिथून कापडाच्या गाठी निघाल्या. शिक्का गाठीवर बसला. १७५९ मध्ये कंपनीनं सुरतेचा किल्लाच हातात घेतला, तोच, ज्याच्या सावलीत सकाळी मी उभी होते. शिक्का बंदुकीवर गेला, नाण्यावर गेला. कापड, बंदूक आणि पैसा, तिन्हींवर एकाच दुकानाचा मार्का! इंग्रजी राज्य कसं आलं यावर मी शाळेत परीक्षेसाठी पानंच्या पानं पाठ केली होती. ती सगळी या तळहाताएवढ्या पाटीवर मावली होती.

ही कळ ज्या जातीच्या बंदुकीची, तिला शिपाई 'ब्राऊन बेस' म्हणायचे. त्यातला हा 'इंडिया पॅटर्न', म्हणजे कंपनीनं हिंदुस्थानातल्या फौजांसाठी काढलेला सुटसुटीत नमुना. नळी ३९ इंच, भोक पाऊण इंच, वजन चार किलोच्या वर. गंमत अशी की पुढं फ्रान्सशी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हा सरकारनं कंपनीच्या गुदामातल्या या बंदुका उचलल्या आणि मग हाच नमुना स्वतःच्या फौजेलाही लावला. आणि काळ ओळखायची खूणही किती सोपी! कळीवर हृदय असेल तर बंदूक १८०८ च्या आधीची. त्यानंतर कंपनीनं उभा सिंह कोरायला सुरुवात केली. दुकानदारानं पाटी बदलली होती. आता तो सरकार होता.

मधल्या काळात हेच हृदय आपल्याकडे चालून आलं. राघोबादादांनी मार्च १७७५ मध्ये कंपनीशी तह केला तो सुरतेतच: अडीच हजार फौज द्या, मला पेशवा करा, साष्टी-वसई घ्या. भाऊबंदकीचं भांडण सोडवायला भाड्यानं बंदुका! त्या भांडणाचं पुढचं पाऊल म्हणजे १७७९ चा जानेवारी. कंपनीची फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली, मराठ्यांनी रसद तोडली, आणि माघार घेताना इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून दिल्या. वडगावला त्यांना तह करावा लागला. महादजी शिंद्यांनी यातून नेमका धडा घेतला: द बॉयनसारखा कवायतीचा उस्ताद चाकरीस ठेवला, आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटकडून तोफा आणि बंदुकांचा कारखाना चालवला. १८०३ मध्ये असईला इंग्रज सेनापती वेलस्लीनं नव्वदहून अधिक तोफा जिंकल्या, तेव्हा त्याला दिसलं की त्या आयात मालापेक्षा कशातच कमी नव्हत्या. आपण हरलो ते माल वाईट म्हणून नव्हे. अधिकारी ऐन वेळी सोडून गेले, सरदार एकत्र आले नाहीत. ती गोष्ट निराळी, आणि जुनीच.

रात्री नऊला भाच्यानं मला जवळजवळ ओढत बाहेर काढलं. काकांनी जिन्यावरून हात हलवला.

घरी आले आणि मला ज्वर चढला. वाचनालयातून मोल्सवर्थचा मराठी कोश काढला. काकांच्या तोंडून ऐकलेला एकेक शब्द शोधायला लागले, आणि लक्षात आलं की मी आयुष्यभर बंदुकांच्या भाषेत बोलत आले आहे! वर्गात मी मुलांना 'ठासून' सांगते, ते गजानं दारू ठासण्यावरून. निवडणुकीत कुणाचा 'फुसका बार' निघतो, म्हणजे रंजक नुसतंच भुर्रकन जळलं आणि गोळी आतच राहिली. पत्रकार मंत्र्यांवर प्रश्नांची 'सरबत्ती' करतात. सरबत्ती म्हणजे एकदम झाडलेली बंदुकांची फैर. पेपरात रोज कुठं ना कुठं 'चकमक' उडते. चकमक म्हणजे गार-पोलादाचा तो विस्तवाचा जोड, काकांनी अंधारात मला दाखवला तोच, आणि शब्द आला थेट तुर्कीतून. तोफही तुर्की. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीज. गारदी फ्रेंच वळणाचा. जो जो आपल्यावर बंदूक रोखून आला, तो तो एकदोन शब्द इथं ठेवून गेला. आणि पायातला तोडा नि बंदुकीचा तोडा आपण एकाच शब्दात बांधले. मनोरंजनाचं 'रंजक' वेगळं, बंदुकीचं वेगळं, हे कळतं मला. पण आता कुणी "रंजक इतिहास" म्हटलं की मला भुर्रकन पेटलेली वाटीच दिसते.

या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली १८५७ साली. त्याच वर्षी नव्या एनफिल्ड बंदुकीचं चरबी लावलेलं काडतूस दातानं फोडायला शिपायांनी नकार दिला. पुढं १८७८ चा हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हिंदी माणसाला गुन्हा ठरला. गढ्यांमधल्या, वाड्यांमधल्या कितीतरी बंदुका जमा झाल्या, मोडल्या गेल्या किंवा माळ्यावर गुपचूप विसरल्या गेल्या.

त्या माळ्यासाठीच हा सगळा लेख आहे, असं समजा.

सुरतेहून आल्यापासून मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यातल्या दोघांनी आवाज बारीक करून सांगितलं, "आमच्याकडे पण आहे एक. आजोबांची. माळ्यावर." एकानं तर लिंबू-राख लावून ती लखलखीत केली होती! मला रडू यायचं बाकी होतं. त्या घासण्यात पिळाच्या लाटा गेल्या, शिक्का गेला, घडवणाऱ्याचं नाव गेलं. उरली लोखंडाची चकचकीत काठी. गंज इतिहास खातो हे खरं, पण आपली दिवाळीची साफसफाई त्याहून लवकर खाते.

म्हणून काकांकडून शिकलेले चार शब्द तुमच्यासाठी. एक, जुनी ठासणीची बंदूक सापडली तर ती भरलेली आहे असंच धरून चाला. शंभर वर्षांपूर्वी ठासलेला बार कुणी काढलाच नाही, असं होतं. चापाशी खेळू नका, नळीत डोकावू नका, जाणत्या माणसाला बोलवा. दोन, आधी कागद. १९५९ च्या हत्यार कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या काळच्या, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला सूट आहे. पण आपलं हत्यार त्यात बसतं की नाही हे आपण ठरवायचं नसतं, ते जिल्ह्याच्या परवाना शाखेला ठरवू द्या. तीन, शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला आणि गोड बोलणाऱ्या दलालाला तर मुळीच देऊ नका. चार, ठेवायची नसेल तर संग्रहालयाला विचारा. आणि नुसती बघायचीच हौस असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात जा. मी या सगळ्या ठिकाणी शस्त्रांच्या दालनातून आजवर "हं, तलवारी" म्हणत पुढं गेले होते. आता परत जाणार आहे, भिंग घेऊन.

साड्यांचं राहिलंच. सोमवारी मार्केट उघडलं. अकराच्या जागी नऊच घेतल्या, कारण मी दुकानात कमी आणि दुकानाबाहेरच जास्त उभी होते. हमाल डोक्यावरून गाठी वाहत होते, टेंपोत चढवत होते, आणि प्रत्येक गाठीच्या गोणपाटावर काळ्या शाईत कुणाचा ना कुणाचा मार्का होता. चारशे वर्षांपूर्वी याच गावात असाच एक मार्का कापडाच्या गाठीवर बसला होता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तुमच्या माळ्यावर काही असेल तर घासू नका. आधी कळीची पाटी बघा.